खऱ्या आईकडे चावी असते

२० एप्रिल, सोमवार

सम्यकची शाळा आजपासून बंद. पहिलीचा निकाल लागला, सगळीकडे 'अ', खाली शेरा 'वर्गात फार बोलतो'. म्हटलं बोलू दे की, तोंडच चालतंय ना, हातपाय तर नाही ना मोडत. शाळा उघडणार पंधरा जूनला. मी मोजले, छप्पन्न दिवस. सम्यक साडेसहा वर्षांचा, दिशा तीनची, दिवसभर घरात मोठं माणूस एक, ते म्हणजे मी.

ही वही कंपनीतली. वागळे इस्टेटला सहा वर्षं सेफ्टी डिपार्टमेंटला होते तेव्हा मिळाली. हिच्यात आम्ही निअर मिस लिहायचो. म्हणजे अपघात होता होता टळला, कोणाला लागलं नाही, असे प्रसंग. काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. आमचे साहेब म्हणायचे, स्वप्ना, जो निअर मिस लिहितो त्याच्याकडे अपघात येत नाही. मग घरात का लिहू नये? घर म्हणजे तर कारखान्याच्या वरताण. गॅस आहे, वीज आहे, तिसरा मजला आहे आणि दोन कामगार अजिबात ऐकत नाहीत.

नोकरी सोडली त्याचं कारण एकदा लिहूनच टाकते. दिवाळीत सम्यक कल्याणला सासूबाईंकडे होता. तिथे जिन्याच्या कठड्यावरून पडला. हनुवटीला आठ टाके. मी त्या वेळी ऑफिसात लोकांना हेल्मेट कसं घालायचं ते शिकवत होते. डोकंच फिरलं माझं. पंधरा दिवसांत राजीनामा दिला.

माझा नवरा सुमेध तेव्हा काही बोलला नाही. काल बोलला. "हा उन्हाळा बघू. झेपलं तर उत्तम. नाही तर जूनपासून दोघं आईकडे आणि तू परत कामावर. तुझीच ओढाताण होते गं." ओढाताण म्हणे! मी म्हटलं, पंधरा जूनपर्यंत एकाच्या जरी अंगावर ओरखडा दिसला तर मी स्वतः त्यांच्या बॅगा भरून कल्याणला सोडीन. लाव पैज. तो म्हणाला, यात पैज कसली? पण मी लावली ती लावली. माझी पोरं माझ्याजवळ राहणार.

२१ एप्रिल, मंगळवार

निअर मिस १: दिशाने पर्सचा मणी तोंडात टाकला. बोट घालून काढला. पुढे काय: घरातले सगळे मणी, बटणं, नाणी, पिना डब्यात, डबा माळ्यावर.

निअर मिस २: सम्यक बाल्कनीच्या जाळीला धरून उभा. जाळी पक्की आहे, पण पक्की म्हणजे किती पक्की? पुढे काय: बाल्कनी बंद.

निअर मिस ३: बाथरूममध्ये भरलेली बादली. पुढे काय: बादल्या उपड्या.

बाल्कनी बंद केली तर घरात भट्टी. पंखा गरम हवाच फिरवतो. चालेल. घामोळं म्हणजे काही ओरखडा नव्हे.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळपासून एमआयडीसीकडून तो वास. कुजक्या कोबीसारखा, मागून घशात तिखट. बिल्डिंगमध्ये कोणाला काही वाटत नाही. "आज जरा जास्तच येतोय नै," म्हणतात आणि भाजी निवडतात. मला तिथल्या कारखान्यातल्या त्या स्फोटाचा दिवस आठवतो, आमच्या खिडकीची काच अख्खी सोफ्यावर आलेली. सम्यक तेव्हा बालवाडीत, म्हणून वाचला.

ड्रिल घेतलं. मी थाळी वाजवली की ओला रुमाल नाकाला, चपला पायात, दिशाचा हात धरून दारापाशी. पहिल्यांदा दीड मिनिट लागलं. पाचव्या वेळी एक्केचाळीस सेकंद! दिशा रुमाल चोखत बसली, पण सम्यकने तिला ओढत आणली. शहाणं माझं पोर ते.

झोपताना विचारतो, "आई, आपण सगळे मेलो तर शाळेला कोण कळवणार?"

किती जबाबदारीने विचार करतो! शाळेचा नंबर फ्रिजवर लावून ठेवला.

२८ एप्रिल, मंगळवार

तळमजल्यावरच्या ठमाबाईंनी आज गेटजवळ गाठलं. ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या सासऱ्याच्या भातशेतावर, त्यामुळे अजून त्या शेताच्या बांधावर बसल्यासारख्या गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. कोण आलं कोण गेलं, सगळा हिशेब त्यांच्याकडे.

"काय गो, पोरां कुठं हान तुझी? घरानच? अगो सोर त्यांना खाली. परतील, ररतील, परत उठतील."

पडतील, रडतील, उठतील म्हणे. उठले नाहीत तर? असं मनात आलं, तोंडावर हसले. म्हाताऱ्या माणसाशी कशाला वाद.

वर येऊन सम्यकला विचारलं, जायचं का खाली खेळायला? म्हणाला, "नको. पार्किंगमध्ये गाड्या रिव्हर्स येतात." हे मी त्याला शिकवलंच नव्हतं! स्वतःच्या डोक्याने म्हणाला. इतकं बरं वाटलं की संध्याकाळी शिरा केला.

१ मे, शुक्रवार. बुद्धपौर्णिमा

कल्याणला सासूबाईंकडे गेलो. सकाळी विहारात वंदना, मग घरी खीर. पांढऱ्या कपड्यांतली सगळी चाळभर पोरं जिन्यावरून वर-खाली. तोच जिना.

सासूबाईंचा स्वभाव एकदम थंड. तीन मुलं एका खोलीत वाढवली, दार कधी लावलं नाही. पोरगं पडलं की म्हणतात, "काही होत नाही, उठ." आठ टाके पडले त्या दिवशीही हेच म्हणाल्या असणार.

सम्यक दिवसभर माझ्या शेजारी. पोरं बोलवायला आली, तो माझ्याकडे बघायचा आणि "नको" म्हणायचा. मी काही बोललेसुद्धा नाही हो, नुसती बसले होते!

निघताना सासूबाई म्हणाल्या, "स्वप्ना, हा पोरगा सारखा तुझ्या तोंडाकडे बघतो गं."

मग कोणाच्या तोंडाकडे बघणार? आई आहे मी त्याची. तसं म्हणाले नाही, पण रिक्षात सुमेधला ऐकवलंच.

५ मे, मंगळवार

महिला मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पोरं पळवणारी टोळी. बाईचा आवाज आधी मोबाइलवर रेकॉर्ड करतात, मग कॉम्प्युटर हुबेहूब तिच्यासारखा बोलतो. दाराबाहेर येऊन म्हणतात, बाळा, आई आलीय, दार उघड. पोर उघडतं आणि संपलं. सुमेध म्हणाला, फेकाफेकी आहे सगळी. असेल. पण नसली तर?

लगेच ड्रिल. मी बाहेर गेले, लॅच ओढलं, बेल वाजवली आणि म्हणाले, "सम्या बाळा, आई आलीय, दार उघड." त्याने धावत येऊन उघडलं, वर हसला.

मी फार ओरडले. "तुला काय सांगितलं होतं? आता चोराने दिशाला नेलं. संपली दिशा!" दिशा तिथेच उभी होती, भोकाड पसरलं तिने. सम्यकचा चेहरा पांढरा. वाईट वाटलं, पण एकदा वाईट वाटलेलं परवडतं.

६ मे, बुधवार

पुन्हा ड्रिल. मी बाहेरून गोड बोलले, रडले, लागलंय म्हणाले, आइस्क्रीम आणलंय म्हणाले. दार बंद ते बंद! आतून श्वाससुद्धा ऐकू आला नाही. चावीने उघडून आत गेले आणि त्याला पोटाशी धरलं.

मग त्याने विचारलं, "पण आई, तू खरीच असलीस तर मला कसं कळणार?"

विचार करून सांगितलं, "खऱ्या आईकडे चावी असते. खरी आई स्वतः उघडून आत येते. जी तुला उघडायला सांगते ती आई नाही."

त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आणखी एक नियम: मी बाहेर असताना परका माणूस बेल वाजवेल तर स्टुलावर चढून वरची कडी लावायची. हेही करून घेतलं. स्टूल आता दारापाशीच.

आज बरेच दिवसांनी निवांत वाटतंय.

९ मे, शनिवार

सम्यकने आठवड्यात तिसऱ्यांदा गादी ओली केली. तीन वर्षांपूर्वी सुटली होती ही सवय. उन्हाळ्यात पाणी जास्त पितात म्हणून असेल का? नेटवर बघायला गेले तर थेट मधुमेह, किडनी. रात्री आठनंतर पाणी बंद केलं.

नखंही कुरतडतो. बोटांना कारल्याचा रस लावला, तो चाटून पुसून टाकतो. गॅसच्या बटणाजवळ दिवसातून दहादा जाऊन बघून येतो. हात मात्र लावत नाही, तेवढा नियम पक्का. दिशा पळाली की त्याचं "हळू, डोकं फुटेल" सुरू. हुबेहूब माझ्यासारखा सूर. मला हसूच आलं.

सुमेध म्हणाला, "स्वप्ना, त्याला काहीतरी होतंय. जरा सैल सोड." म्हटलं, वीस दिवस झाले, एक ओरखडा दाखव. त्याने नाही दाखवला. कुठून दाखवणार?

१३ मे, बुधवार. दुपार

आज अक्षर वाकडंच येणार.

निअर मिस किती नंबरचा ते बघायला मागची पानं उलटायचा धीर नाही. जसं झालं तसं लिहिते.

गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. अकराच्या सुमाराला समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी हाक मारली, अहो, तुमच्या पापड्यांवर कबुतरं! गॅसवर कुकर, डाळ लावलेली. वाटलं तीन शिट्ट्या व्हायच्या आत येईन. सहा वर्षं लोकांना शिकवलं, चालू मशीन सोडून जायचं नाही. आणि मी चालू गॅस आणि दोन पोरं सोडून कबुतरं हाकलायला गेले. चावी घेतली, लॅच ओढलं. फोन ओट्यावर राहिला.

खाली येताना जिन्यात गॅसचं मीटर बघणारा माणूस भेटला. म्हणाला, "मॅडम, तिसऱ्यावर बेल वाजवली, कोणी उघडत नाही." मी मनात म्हटलं, शाब्बास.

चावी फिरवली. लॅच सरकलं. दार उघडलं नाही. वरची कडी लागलेली.

"सम्यक, कडी काढ. मी आलेय."

काही नाही.

"अरे मी आहे, आई. कडी काढ."

आतून हळूच आवाज आला. "माझ्या आईकडे चावी आहे."

"माझ्याकडे आहे रे चावी! पण तू कडी लावलीस ना, मग कशी उघडणार?"

शिट्टी झाली. ती कितवी ते मला माहीत नव्हतं, तेच तर! मी दार वाजवायला लागले. दिशा रडायला लागली. मी म्हटलं, बरं, दार नको, गॅस तरी बंद कर, बटण उजवीकडे फिरव. तो म्हणाला, "गॅसला हात लावायचा नाही." त्याचा आवाज रडका होता, पण पाठ म्हटल्यासारखा एकेक शब्द सांगत होता. "उघडायला सांगते ती आई नाही. आइस्क्रीम सांगितलं तरी नाही. लागलंय सांगितलं तरी नाही."

त्याचा वाढदिवस सांगितला. बाबांचं नाव, आजीचं नाव सांगितलं. हनुवटीवरचे टाके सांगितले. तो म्हणाला, "ते चोराला माहीत असतं." हेही मीच सांगितलं होतं.

मी लाथा मारल्या दाराला. आणखी एक शिट्टी. डाळीतलं पाणी संपलं तर, व्हॉल्व्ह उडाला तर, दिशा ओट्याखालीच खेळते. मला समोर सगळं दिसत होतं. गेले कितीतरी दिवस रोज जे दिसायचं तेच, फक्त मी दाराच्या बाहेर.

एवढ्या आवाजाने ठमाबाई वर आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत तीन मजले चढल्या. माझं मनगट धरलं. "गप र जरा. पोर भ्यायलाय. जरा गोर बोल त्याच्याशी."

गोड बोल म्हणाल्या. बरोबरच होतं. मी डोळे पुसले, श्वास घेतला, कपाळ दाराला टेकवलं आणि अगदी हळू म्हणाले, "सम्यक, बाळा, घाबरू नकोस. काही झालेलं नाही. काही होत नाही. सावकाश ये."

आत एकदम शांत झालं. दिशाही थांबली. वाटलं, आला.

मग तो म्हणाला, "दिशू, मागे ये. ही आई नाहीये. आपली आई असं कधी बोलत नाही."

मी ठमाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली, पदराने तोंड पुसलं.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी किंचाळले. "सम्या! दिशाला ओट्यापासून लांब कर, भाजेल ती! स्टुलावर चढताना पाय मधोमध ठेव, घसरशील, डोकं फुटेल! भिंतीला धर! एका हाताने धर म्हटलं ना!"

स्टूल सरकल्याचा आवाज आला. आणि त्याचा आवाज, एकदम मोकळा, हसरा.

"दिशू, आई आली! ओरडतेय!"

कडी निघाली.

गॅस बंद केला. डाळ बुडाला जरा लागली होती, तेवढंच. दोघांना चाचपून बघितलं, हातपाय, डोकं, पाठ. काही नाही. सम्यक विचारत होता, "मी बरोबर केलं ना? पास झालो ना?" मी म्हटलं, हो, पास झालास. तो म्हणाला, "मग तू रडतेस का?"

१४ मे, गुरुवार

सुमेधला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कबुतरांपासून 'ओरडतेय'पर्यंत. वाटलं रागवेल. रागवला असता तर बरं झालं असतं.

त्याने विचारलं, "पोरांना कुठे लागलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. पंचवीस दिवस झाले, एक ओरखडा नाही. पैज जिंकतेयस तू."

चांगल्या मनाने म्हणाला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

नंतर सासूबाईंना फोन केला. मला वाटायचं हा फोन मला केव्हातरी मान खाली घालून करावा लागेल, "घेऊन जा पोरांना" म्हणून. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनीच विचारलं, "घेऊन येऊ का दोघांना चार दिवस इकडे?" म्हटलं, "नको आई. तुम्हीच इकडे या. पोरांना नाही, मला गरज आहे." त्या म्हणाल्या, "शनिवारी येते. लोणच्याच्या कैऱ्या आणते, हाताला काम राहील तुझ्या."

१७ मे, रविवार

सासूबाई कालपासून आहेत. बाल्कनी उघडली. मी नाही, त्यांनी. मी कैऱ्या चिरत होते.

आज संध्याकाळी खाली पोरांचा दंगा चालला होता. सम्यक बाल्कनीत उभा, जाळीला नाक लावून. मी दोनदा मनात घोकलं आणि म्हणाले, "जा, खेळून ये खाली."

त्याने वळून बघितलं. "हे ड्रिल आहे?"

"नाही रे."

"खरं जायचं?"

"खरं."

"गाड्या रिव्हर्स आल्या तर?"

माझ्या तोंडात सतरा सूचना तयार होत्या. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या विळीचा आवाज थांबला. मी म्हटलं, "तर तू बाजूला होशील. तुला येतं की बाजूला व्हायला."

तो गेला. अर्ध्या जिन्यातून परत आला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा गेला. मी दारात उभी होते तशीच राहिले. चपलांचा आवाज खालपर्यंत गेला आणि मग बंद झाला.

ठरवलं, बाल्कनीत जायचं नाही. दहा मिनिटं नाही गेले. सासूबाई घड्याळाकडे बघताहेत की माझ्याकडे, कळेना. अकराव्या मिनिटाला गेले.

तो खेळत नव्हता. पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी पळत होती आणि हा मधोमध, मान वर करून, आमच्या बाल्कनीकडे बघत उभा. मी येण्याची वाट बघत होता. मी आले की माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते बघून त्याला ठरवायचं होतं, इथे खेळायचं की नाही. अकरा मिनिटं तो तसाच उभा होता.

भीती होतीच. ती काही एका दिवसात जाणार नाही. पण मी त्याच्याकडे बघून हसले. जाळीतून हात काढून हलवला. नीट जमलं नसणार, कारण तो बराच वेळ बघत राहिला, ही कोण म्हणून. मी हसत राहिले. गाल दुखायला लागले तरी राहिले.

मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो पळाला. चौथ्या पावलाला पडला. गुडघा धरून बसला, आणि सवयीने पुन्हा वर बघितलं.

"काही होत नाही रे," मी वरून ओरडले, "उठ!"

तो उठला.